मालक एक, चालक चारशे: भाड्याने फिरलेली गाडी विकत घ्यावी का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. नाशिकच्या इंदिरानगरला राहता, रोज सातपूर एमआयडीसीत जाता, महिन्यातून एकदा कळवणला आईवडिलांकडे चक्कर. पहिलीच गाडी. पुण्यातल्या एका सेल्फ-ड्राइव्हवाल्यांची (ड्रायव्हरशिवाय गाडी भाड्याने देणारे) २०२१ची पेट्रोल स्विफ्ट ४ लाख १० हजारांना मिळते आहे, मीटरवर ८८ हजार किलोमीटर. तशीच घरगुती वापराची स्विफ्ट सव्वापाच लाखांच्या खाली कोणी देत नाही. अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो, 'आमच्याकडे भाड्याच्या जुन्या गाड्या लोक बिनधास्त घेतात, घेऊन टाक.' सासरे म्हणतात, 'भाड्याची गाडी म्हणजे धर्मशाळेची सतरंजी.' आणि तुम्ही विचारताय, यातलं खरं कोण?

सासऱ्यांची उपमा मला फार आवडली. पण मावसभाऊही खोटं बोलत नाही. तो त्याच्या गावचं सांगतोय, एवढंच.

सातपूरला माझं गॅरेज आहे, २४ वर्षं झाली. गेली दहाएक वर्षं आठवड्याला तीन-चार जणं जुनी गाडी घेण्याआधी ती दाखवायला घेऊन येतात. त्यात टुरिस्टच्या, सेल्फ-ड्राइव्हच्या, कंपन्यांत स्टाफला ने-आण करणाऱ्या अशा सगळ्या जातीच्या गाड्या असतात. काही मी 'डोळे झाकून घ्या' म्हणून दिल्या आणि त्या आजही सर्व्हिसिंगला माझ्याकडेच येतात. काहींच्या बाबतीत 'टोकन गेलं तर जाऊ द्या, पण ही सोडा' असं सांगावं लागलं. म्हणून सरसकट हो किंवा नाही असं उत्तर माझ्याकडे नाही. पण तुम्ही जे विचारलंय ('भाड्याची गाडी घ्यावी का?') त्यापेक्षा खरा प्रश्न वेगळा आहे. गाडी भाड्याने फिरली हे तुम्हाला कळलंय. ती कोणी सांभाळली हे कळलंय का? आणि एक लाख पंधरा हजारांचा जो फरक दिसतोय, त्यातला तुमच्या खिशात किती उरणार?

आधी मावसभावाचं बघू. तिकडे हर्ट्झ, एंटरप्राइझ यांच्यासारख्या मोठ्या कंपन्या आपल्या जुन्या गाड्या स्वतःच्याच दुकानांतून विकतात. गाडी फार जुनी व्हायच्या आत काढून टाकायची, हा त्यांच्या धंद्याचाच भाग. सर्व्हिसिंग ठरल्या वेळी होतं आणि त्याचा कागद राहतो. शिवाय एक गोष्ट तुमच्या भावाच्या लक्षातही आली नसेल: तिकडच्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक. क्लचचं पेडलच नाही, तर अनोळखी माणूस क्लच जाळणार कसा? आणि तिकडे भाड्याची गाडी घरगुती करायला आपल्यासारखी पाटी बदलायची भानगड नाही. आपल्याकडे नेमकं याच दोन ठिकाणी पैसे जातात, क्लचमध्ये आणि कागदात.

आता पाटीचं. घरगुती गाडीला पांढऱ्या पाटीवर काळे आकडे. ड्रायव्हरसकट भाड्याने जाणाऱ्या टॅक्सीला पिवळ्या पाटीवर काळे. आणि गिऱ्हाईकाने स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळे. तुमच्या स्विफ्टला काळी पाटी असायला हवी. असेल तर, ऐकून नवल वाटेल, पण मला थोडं हायसं वाटेल. कारण १९८९च्या 'रेंट अ कॅब' योजनेखाली परवाना मिळवायचा तर किमान ५० गाड्यांचा ताफा लागतो. एवढा ताफा वहीच्या मागच्या पानावर हिशेब लिहून चालत नाही. कुठल्या गाडीचं ऑइल कधी बदललं, कुठली ठोकून आली, विम्याचा क्लेम किती झाला, हे कुठेतरी नोंदलेलं असतंच. तुम्ही मागितलं तर ते दाखवू शकतात. दाखवत नसतील तर तेही एक उत्तरच आहे.

मला खरी धास्ती आहे ती पांढऱ्या पाटीच्या भाड्याच्या गाडीची. म्हणजे कागदावर घरगुती, 'फर्स्ट ओनर, डॉक्टरची गाडी', आणि प्रत्यक्षात शनिवार-रविवार पोराटोरांना चोवीस तासांच्या हिशेबाने दिलेली. हे बेकायदा आहे. अशा फेरीत अपघात झाला तर विमा कंपनीने हात वर केले तरी नवल नाही. तरी नाशिकात हे सर्रास चालतं. मागच्या पावसाळ्यानंतर अशीच एक पांढरी हॅचबॅक माझ्याकडे आली. मीटर ४१ हजार, मालक एक, बॉडी चकाचक. घेणारी शिक्षिका होती, वडिलांना घेऊन आलेली. मी स्टेपनी काढली तर खालच्या खोबणीत मूठभर वाळू. आपल्या गोदावरीची काळपट नाही, बारीक, पिवळसर, शिंपल्यांचे तुकडे असलेली. समुद्रावरची. डॅशबोर्डखाली हात घातला तर दुहेरी टेपचा चिकटा आणि कापलेल्या दोन वायरी, म्हणजे भाड्याने दिलेली गाडी कुठे आहे ते कळायला बसवलेला ट्रॅकर काढलेला. खालून बघितलं तर सायलेन्सरच्या क्लॅम्पला आणि मागच्या अॅक्सलला मिठाचा गंज. विकणाऱ्याला विचारलं, 'साहेब, कोकणात किती वेळा गेलात?' म्हणाला, 'एकदाही नाही.' तो खरंच बोलत होता. तो गेलाच नव्हता, गाडी गेली होती.

तेव्हा आरसीवर 'मालक क्रमांक १' बघून हुरळून जाऊ नका. मालक एक असतो, चालक चारशे असू शकतात. तुमच्या काळ्या पाटीच्या गाडीत हे निदान उघड आहे, आणि जे उघड आहे त्याची किंमत कमी करून मागता येते.

चारशे माणसांनी चालवल्याने गाडीचं नेमकं काय बिघडतं? लोक घाबरतात इंजिनाला. माझ्या अनुभवात पेट्रोल गाडीचं इंजिन ही भाड्याच्या गाडीतली शेवटची काळजी आहे. इंजिन सगळ्यात जास्त झिजतं ते थंड स्टार्टला, ऑइल वर पोचायच्या आधीच्या क्षणांत. घरगुती गाडी सकाळी चालू होते, शाळेपर्यंत जाते, बंद. संध्याकाळी भाजी बाजार, बंद. गरम व्हायच्या आतच विझते. भाड्याची गाडी एकदा चालू झाली की शिर्डीला नाहीतर महाबळेश्वरलाच थांबते. त्यामुळे हायवेचे ८८ हजार आणि कॉलेज रोडच्या सिग्नलचे ४० हजार यांत मला निवडायला सांगितलं तर, ऑइल वेळेवर बदललेलं असेल या अटीवर, मी ८८ हजारांचं इंजिन उचलीन. त्या स्विफ्टच्या इंजिनाला टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही, म्हणजे लाखाच्या तोंडावर बेल्ट बदलायचा खर्चही नाही. पण चेन जगते ती ऑइलवर. १० हजाराला बदलायचं ऑइल कोणी २० हजाराला बदललं असेल तर चेन सकाळी स्टार्ट करताना खडखडून सांगते. (तुमची डिझेल असती तर हे सगळं उत्तर वेगळं झालं असतं. टर्बो आणि इंजेक्टर काढले की बिल कुठे जाईल नेम नाही. बॉशचा कारखाना आमच्या सातपूरलाच आहे म्हणून इंजेक्टर फुकट मिळत नाहीत.)

बिघडतं ते, जे चालवणाऱ्याच्या हातापायावर अवलंबून असतं. पहिला क्लच. गाडी स्वतःची नाही, क्लच कुठे धरतो माहीत नाही, कसारा घाटात ट्रकच्या मागे चढ लागलाय. माणूस हँडब्रेक ओढत नाही, अर्ध्या क्लचवर गाडी लटकवून ठेवतो. असे चारशे जण. मग गिअरबॉक्स: दुसऱ्या गिअरमध्ये टाकताना कर्रर्र झालं की सिंक्रोनाइझर (गिअर अलगद जुळवणारा भाग) दमला. मग खालचा भाग. भंडारदऱ्याला काजवे बघायला अंधारात, कच्च्या रस्त्याने, चार मित्र भरून गेलेली गाडी खालून कशाकशावर आपटते ते चालवणाऱ्यालाही कळत नाही. कळलं तरी डिपॉझिट जाईल म्हणून तो बोलत नाही. दगड चेंबरला (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला) लागतो, चाकाला धरणारा लोअर आर्म वाकतो, आणि गाडी हसतमुखाने परत केली जाते. भाड्याच्या गाडीचं पहिलं दुखणं हेच की दुखतंय हे सांगणारं तिला कोणी नसतं. घरच्या गाडीला डाव्या बाजूने आवाज यायला लागला तर तुम्ही आठवड्यात माझ्याकडे याल. भाड्याच्या गाडीत तो आवाज सुरू कधी झाला हे ऐकायला तोच माणूस दुसऱ्यांदा बसलेलाच नसतो.

हीच गोष्ट पिवळ्या पाटीत उलटी होते. गाडीचा मालक आणि ड्रायव्हर एकच असेल, म्हणजे हप्ता तोच फेडतोय आणि चाकावरही तोच, तर दोन लाख किलोमीटरची डिझायरसुद्धा मुलीसारखी सांभाळलेली बघितली आहे मी. सीटचा फोम बसलेला असेल, मागची दारं हजारो वेळा आपटून सैल झाली असतील, पण क्लच पहिलाच. पाचदहा गाड्या ठेवून पगारी ड्रायव्हर बदलत राहणाऱ्याचं मात्र धर्मशाळेसारखंच.

प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा सकाळी जा, आणि विकणाऱ्याला आधीच सांगा, 'मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.' पोचल्यावर बोलायच्या आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा प्या, तास-दोन तास थांबा, किंवा उद्या या म्हणावं. थंड गाडी स्टार्ट करताना एकाने सायलेन्सरमागे उभं राहायचं. निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण काढून बघा. थोडी वाफ ठीक, पण रेल्वेच्या इंजिनासारखे भकभक फुगारे येत असतील तर पिस्टनरिंगा गेल्यात. कुलंटच्या टाकीत तपकिरी साय तरंगत असेल तर तिथूनच परत फिरा.

क्लचला माझी जुनी परीक्षा: मोकळ्या जागेत हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका आणि थोडासा अॅक्सिलरेटर देत क्लच हळूहळू सोडा. इंजिन धडकन बंद पडलं पाहिजे. बंद न पडता घोंगावत राहिलं तर प्लेट घसरते आहे. एकदाच करा, दहादा करून उरलासुरला क्लच तुम्हीच नका संपवू. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागलाच नाही तर जास्त काळजी करा, कारण एअरबॅग उडून गेल्यावर नवी न बसवता दिव्याचाच बंदोबस्त करणारे महाभाग आहेत. चारही टायरवर एका लंबगोलात चार आकडे असतात. ३२२३ म्हणजे २०२३चा ३२वा आठवडा. ८८ हजार चाललेल्या गाडीवर अजून २०२१चेच टायर असतील तर एकतर टायर संपलेत नाहीतर मीटर खोटं. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. मागे गुंडाळलेल्या भागावर मातीची रेघ असेल तर गाडी पाण्यात उभी होती. २०१९च्या ऑगस्टमध्ये गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती पुरात बुडाला तेव्हा गोदाघाटाजवळच्या कितीतरी गाड्या गेल्या. त्यानंतर दोनेक वर्षं अशा रेघा मी बऱ्याच पाहिल्या. पुण्यातही नदीकाठ आहे, आणि तुमची गाडी तर पुण्याची.

पत्र्याचं फार लांबवत नाही. बंपर, दारं, फेंडर रंगवलेले असणारच. भाड्याच्या गाडीचा ओरखडा हा तिचा दागिना. त्यावरून गाडी सोडू नका. पण बोनेट उघडून पुढच्या दोन्ही बाजूंचा लांबीचा आतला पत्रा बघा. कारखान्यातले वेल्डचे ठिपके एकसारख्या अंतरावर गोल असतात, हाताने केलेलं वेल्डिंग वेडंवाकडं दिसतं. तिथे काम झालेलं असेल किंवा छताच्या खांबांना हात लागला असेल, तर ती मला फुकटही नको.

मीटरबद्दल एक माझंच सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की मेकॅनिक फसत नाहीत. २०११ साली गॅरेजचं सामान आणायला मी एक इंडिका घेतली. मीटर ७४ हजार. विकणारा ओळखीतला, गाडी स्टाफच्या ने-आणीला होती एवढं सांगितलं. मी माझ्याच तोऱ्यात, गाडीखाली झोपून बघितलं, चालवून बघितलं, घेतली. महिन्याभराने एअर फिल्टर बदलताना फिल्टरच्या डब्याच्या आतल्या बाजूला कुणा मेकॅनिकने पांढऱ्या मार्करने लिहिलेलं दिसलं: तारीख, आणि १,४२,३१०. ती तारीखही दीड वर्षापूर्वीची. मी स्वतः गिऱ्हाइकांच्या गाड्यांत असंच लिहून ठेवतो, आणि तिथेच बघायचं माझ्या डोक्यात आलं नाही! तेव्हापासून एअर फिल्टरचा डबा, ऑइल फिल्टर आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचे ऑइलचे स्टिकर (वरचा सोलला की खाली जुना असतो) हे बघितल्याशिवाय मी मीटरच्या आकड्यावर बोलत नाही.

आता तर याहून सोपं झालंय. मारुतीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये झालेल्या सर्व्हिसिंगची नोंद गाडीच्या नंबरावर निघते. विकणाऱ्याला ती काढून द्यायला सांगा. आणि दोन कागद असे मागा, जे फारसं कोणी मागत नाही. एक, फास्टॅगचा वर्षभराचा उतारा. घोटी, पिंपळगाव, चांदवड, शिंदे असे टोलनाके आणि तारखा वाचल्या की गाडीचं सगळं चरित्र समोर येतं. घरगुती म्हणून विकली जाणारी गाडी दर शुक्रवारी रात्री टोल ओलांडत असेल तर समजून जा. दुसरा, ई-चलान. गाडीचा नंबर टाकून दंड किती थकलेत ते तर बघाच, पण कुठे आणि कशाबद्दल तेही वाचा. समृद्धी महामार्गावर १२०ची मर्यादा असताना वेगाबद्दल पाच चलानं असतील, तर टायर आणि इंजिन कसं पिळलंय ते वेगळं सांगायला नको. थकलेला दंड विकणाऱ्याने भरायचा, टोकन द्यायच्या आधी.

कागदांकडे येतो, कारण तुमचा खरा खर्च इथे लपलाय. काळ्या पाटीची गाडी ही परिवहन वाहनात मोडते. तशीच ठेवून घरी वापरायचा विचार असेल तर सोडून द्या. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेसचं प्रमाणपत्र, पुढे दर वर्षी, विमाही व्यावसायिक, आणि परमिट नसताना ती तशी रस्त्यावर आणली तर अडवतील ते वेगळं. म्हणजे गाडी घरगुतीत बदलून घ्यावीच लागणार. त्यासाठी परमिट जमा करायचं, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवायचा, घरगुती गाडीच्या हिशेबाने एकरकमी कराचा फरक भरायचा, गाडी दाखवायची, मग पांढरी नंबरप्लेट. आणि नावावर करायला फॉर्म २९, ३० आहेतच. कर गाडीची मूळ किंमत, इंधन आणि वय यांवर ठरतो. नव्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आहे, जुनीला वयाप्रमाणे कमी होतो. पण कंपनीच्या नावावर असलेल्या गाडीला व्यक्तीपेक्षा दर चढा असतो, त्यामुळे बदल कंपनीच्या नावावर असताना करायचा की तुमच्या, हे आधी विचारून घ्या. पेठ रोडच्या आरटीओत जाऊन आरसीची झेरॉक्स दाखवा आणि आकडा कागदावर लिहून घ्या. एजंटच्या तोंडी 'होऊन जाईल साहेब, पंचवीसएक हजारात' वर विसंबून टोकन देऊ नका. 'होऊन जाईल' या दोन शब्दांनी जेवढी माणसं अडकवली तेवढी नादुरुस्त इंजिनांनी नसतील.

सरकारच्या 'वाहन' या संकेतस्थळावर फिटनेस, विमा, बोजा, काळी यादी हे सगळं फुकटात दिसतं. फिटनेस संपून सहा महिने झाले असतील तर गाडी कुठेतरी उभी होती. का, ते विचारा. आणि विमा तुमच्या नावावर करून घ्यायला १४ दिवस असतात, ते विसरू नका. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही.

मग हिशेब करू. फरक १ लाख १५ हजार. बदलाचा कर, फी, प्लेट, धावपळ मिळून समजा ४० हजार धरले (तुमचा खरा आकडा आरटीओतून आणा). क्लचचं काम ८ ते १२ हजार. टायर चार, २० हजारांच्या आसपास. लोअर आर्म, बुश, लिंक रॉड, शॉकअप मिळून १५ हजार. ब्रेक आणि मोठं सर्व्हिसिंग १० हजार. हे झाले ५५. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर सव्वापाच लाखांची घरगुती गाडीही काही नवरी नाही, तिलाही टायर-सर्व्हिसिंगला २० हजार लागतीलच. म्हणजे भाड्याच्या गाडीचा जादा खर्च ३५. एक लाख पंधरातून ४० आणि ३५ गेले, उरले ४० हजार. आता पाच वर्षांनी तुम्ही विकायला काढाल, तेव्हा घेणारा इतिहास बघेल आणि म्हणेल, 'ही तर भाड्याची होती.' तो तेवढेच पैसे पाडून मागेल. चाळीस हजार तिथे गेले. हातात उरलं शून्य, वर पेठ रोडच्या चार खेपा.

म्हणून ४ लाख १० हजारांत, कागद तुमच्या गळ्यात, असा सौदा असेल तर मी नाही म्हणेन. गाडी वाईट आहे म्हणून नाही, स्वस्त नाही म्हणून. पण त्याच भावात त्यांनी परमिट उतरवून, बोजा काढून, कर भरून पांढरी पाटी लावून दिली, आणि सर्व्हिसिंगची सगळी नोंद दिली, तर मी घेईन. किंवा जशी आहे तशी पावणेचार लाखांच्या आत. एवढा ताफा ठेवणाऱ्याला विकायला काढलेली गाडी पडून राहणं परवडत नाही, त्यामुळे भाव हलतो. निम्मे पैसे नाव बदलल्याचं दिसेपर्यंत हातात ठेवा.

काही गोष्टी तुमच्यावरही अवलंबून आहेत. गाडी सहा-सात वर्षं वापरणार असाल तर विक्रीचा तोटा विरघळून जातो आणि हिशेब तुमच्या बाजूने झुकतो. दोन वर्षांत बदलायची सवय असेल तर या भानगडीत पडू नका. रोजचं अंतर फार नाही तुमचं, म्हणजे ८८ हजारांचे सव्वा लाख व्हायलाच तीन-चार वर्षं जातील, तेही बरंच आहे. तुम्ही लिहिलंय की घरी मिसेस याच गाडीवर शिकणार आहेत. मग क्लच लगेच बदलू नका. त्यांचं शिकून होऊ द्या, जुन्याच प्लेटवर. नंतर एकदाच नवा टाका.

आणि घाई नसेल तर आणखी एक. २०२७चा सिंहस्थ कुंभमेळा जवळ आलाय. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर धावायला टुरिस्टच्या गाड्या लोक आत्तापासून घेताहेत, म्हणून पिवळ्या-काळ्या पाटीच्या जुन्या गाड्यांना सध्या भाव आहे. सिंहस्थ उरकला की त्यातल्या बऱ्याच विकायला येतील. भाव उतरतील, पण त्या गाड्या वर्षभर गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगलेल्या असतील. तेव्हा हायवेच्या किलोमीटरचं माझं वरचं गणित त्यांना लावू नका.

पुण्याला शनिवारी जाणार म्हणालात. एखादा ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या, त्याच्या दिवसभराचे पैसे द्या, लाजू नका. कोणी नसेल तर गाडी तिथल्या कुठल्याही गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून खालून दहा फोटो काढा: चेंबर, दोन्ही लोअर आर्म, मागचा अॅक्सल, सायलेन्सर. आणि एअर फिल्टरच्या डब्याच्या झाकणाची आतली बाजू. ते इथेच टाका, बघून सांगतो.